आधी गेज लावणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, नमस्कार.

गाडी घेऊन निघालो तेव्हा तुम्ही दुसऱ्या गाडीखाली होतात, नुसते पाय दिसत होते. नीट आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांदेखत लिहितोय, कारण "एसी गार होत नाही" म्हटलं की "गॅस संपलाय" एवढंच ऐकायला मिळणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

आमच्या गाडीचं दुखणं असं होतं: रस्ता मोकळा असला की एसी झकास, पण सिग्नलला जरा रेंगाळलं की जाळीतून कोमट वारा. आधीच्या ठिकाणी पाईप हाताने चाचपून गॅस कमी असल्याचा निकाल लागला होता आणि वर टॉप-अप मारून दिला होता. त्यानंतर त्रास कमी व्हायचा सोडून वाढलाच. तुम्ही बोनेट उघडण्याआधी विचारलंत, "गरम होतो तेव्हा वाऱ्याचा जोर कमी होतो, की जोर तेवढाच राहतो?" जोर कमी होत गेला तर आतल्या कॉइलवर बर्फ धरत असण्याची शक्यता जास्त; जोर तोच आणि वारा गरम, तर शोध बाहेरच्या बाजूला घ्यायचा. गिऱ्हाइकाच्या बोलण्यातून एवढं काढून घेणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला.

मग गेज लावलेत, म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणारे दोन मीटर: लाल जास्त प्रेशरच्या बाजूचा, निळा कमी प्रेशरच्या. इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखेच, शंभर पीएसआयच्या जवळपास. मी लगेच "म्हणजे गॅस आहे ना?" म्हणालो, तर तुम्ही हसलात. आत गॅस आहे इतकंच त्यावरून समजतं, किती आहे ते नाही. खरी गंमत गाडी चालू केल्यावर. अशा उन्हात लाल काटा दोनशे-अडीचशेच्या घरात राहायला हवा, तो चढत चढत चारशेच्या पुढे गेला, निळाही नेहमीपेक्षा वर, आणि 'टक्' आवाज करून कॉम्प्रेसरचा क्लच सुटला, म्हणजे गॅस दाबणारा पंपच थांबला. गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली राहिले असते. इथे दोन्ही वर, म्हणजे एक तर कंडेन्सरमधली, म्हणजे गाडीच्या तोंडाशी गॅस थंड करणाऱ्या जाळीतली, उष्णता बाहेर पडत नव्हती, नाहीतर गॅस जास्त झाला होता. आमच्याकडे दोन्ही होतं, हे पुढे कळलं.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी अजून सगळ्यांना सांगत फिरतोय. पाण्याचा पाईप घेतलात आणि समोरून कंडेन्सरवर बारीक धार सोडलीत, बस्स. लाल काटा बघता बघता खाली आला, क्लच पुन्हा धरला आणि आत बसलेल्या बायकोने काचेतून हात दाखवला: गार! कॉम्प्रेसर ठीक, व्हॉल्व्ह ठीक, उणीव फक्त कंडेन्सरवरच्या वाऱ्याची. गाडी पळत असताना तो समोरून आपोआप मिळतो. उभ्या गाडीत पंख्याशिवाय मिळणार कुठून?

दोन पंख्यांपैकी रेडिएटरचा फिरत होता, म्हणून इंजिनच्या तापमानाचा काटा कधी वर चढलाच नव्हता आणि कुणाचं तिकडे लक्षही गेलं नव्हतं. कंडेन्सरचा मात्र ढिम्म. तिथेही तुम्ही थेट पंखा बदला म्हणाला नाहीत. टेस्ट लॅम्प लावून कनेक्टरपर्यंत करंट येतोय हे पाहिलंत, म्हणजे फ्यूज आणि रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा स्विच) संशयातून सुटले. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर हलकेच टकटक केलीत आणि पंखा घरघरत फिरायला लागला. थोड्या वेळाने पुन्हा बंद. "कार्बन झिजलेत," म्हणजे मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे, तुम्ही म्हणालात, जणू सकाळपासून माहीतच होतं.

नव्या मोटरवर काम थांबवलं असतंत तरी मी खूश होऊन गेलो असतो. पण तुम्ही मशीन लावून आतला सगळा गॅस काढून वजन केलंत. बोनेटखालच्या स्टिकरवर 450 ग्रॅम, बाहेर आला सहाशेच्या वर! जास्त भरलेला गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन जागा अडवतो आणि प्रेशर आणखी चढतं, हे तेव्हा समजलं. मग पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम, काटा जागचा हलत नाही म्हणजे गळती नाही याची खात्री आणि शेवटी स्टिकरप्रमाणे मोजून गॅस. एसीची सिस्टिम बंदिस्त असते, तिच्यातला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झालाच तर तो कुठून तरी गळतोय आणि आधी ती जागा शोधायची, हे तुम्ही काम करता करता सांगत होतात. मला ते बिलापेक्षा जास्त कामाचं वाटलं. काढलेला गॅस हवेत सोडला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जोरदार आहे, आणि नुसतं फुस्स करून मोकळं होणारे पाहिलेत मी.

आता एक काम. माझ्या सहकाऱ्याच्या गाडीत डावीकडच्या जाळीतून गार वारा येतो आणि उजवीकडून गरम. त्यालाही गॅस भरायचा सल्ला मिळालाय. मी त्याला थांबवून ठेवलंय. कधी आणू, ते कळवा.

तुमचा,
आता सिग्नलला काच न उघडणारा एक गिऱ्हाईक