सही करण्याआधी वाच

नाशिक,
रविवार रात्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि कुणाचंच नीट ऐकून होत नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा झोपलेत. साखर आटोक्यात आहे, त्यांची काळजी करू नकोस.

तिसरी कंपनी काढतेस याचा मला धक्का बसलेला नाही. दुसरी विकलीस त्याच दिवशी मी बाबांना म्हटलं होतं, ही काही स्वस्थ बसायची नाही. विकत घेणाऱ्यांकडे ठरलेली मुदत पुरी व्हायच्या आत बाहेर पडलीस, उरलेल्या शेअरवर पाणी सोडलंस, तेही मी मनाशी समजून घेतलं. पण फोन ठेवता ठेवता तू जे सांगितलंस, ते काही केल्या डोक्यातून जात नाही. नव्या कर्जाला जामीनदार म्हणून तू स्वतः सही करणार आणि राहता फ्लॅट तारण ठेवणार. तेही ‘प्रोसिजर आहे गं आई’ असं म्हणून.

सई, मी बँकेच्या कर्ज विभागात होते. ती प्रोसिजर मला माहीत आहे.

आधी हे सांगते, म्हणजे तुझा गैरसमज होणार नाही. तू म्हणालीस, “कंपनी उभी करायची, विकायची, आलेल्या पैशातले थोडे नव्या पोरांच्या कंपन्यांत घालायचे आणि पुन्हा शून्यापासून सुरू करायचं, हेच माझं करिअर आहे.” मला ते मान्य आहे. सुमनआत्या दर सणाला विचारतात, “सई अजून सेटल नाही का झाली?” मी त्यांना सांगते, तिच्या कंपनीतून इतक्या घरांत पगार गेला, याहून सेटल ते काय असतं?

आणि तुझी दुसरी कंपनी कशातून आली ते मी विसरलेले नाही. २०१० साली युरोपच्या बंदरांवर आपल्याकडच्या द्राक्षांचे कंटेनर अडले, क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून. तू इंजिनिअरिंगला होतीस, सुट्टीत पिंपळगावला गेली होतीस. मामा ओट्यावर फवारणीची वही घेऊन बसला होता. वहीवर औषधाचे डाग, पानं एकमेकांना चिकटलेली, तारखा अर्ध्या पुसलेल्या. कुठलं औषध कधी मारलं हे त्याला तोंडपाठ होतं, पण समोरच्याला दाखवता येत नव्हतं. तू ती वही मागून घेतलीस आणि रात्रभर एकेक पान सोडवत कागदावर उतरवत बसलीस. अप्पा म्हणाले, पोरीला झोपायला सांगा. मी नाही सांगितलं. पुढे कितीतरी वर्षांनी त्याच वहीचं तू मोबाइलवर केलंस. फवारणी नोंदवली की काढणीला किती दिवस थांबायचं ते शेतकऱ्याला मराठीत दिसायचं. मामा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, आमच्या सईनं केलंय म्हणून. ती कंपनी आता दुसऱ्यांची झाली, हे त्याला पटतच नाही.

मी काय सांगत होते? जामीन.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची कशासाठी? धंदा बसला तर आपण घातलेलं भांडवल जावं, घर जाऊ नये, यासाठीच ना? जामिनाच्या कागदावर सही केलीस की ती भिंत तू स्वतःच्या हाताने पाडलीस. करार कायद्याचं कलम १२८ काढून बघ. करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर जेवढी देणेकऱ्याची जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलंय की दिवाळखोरीत कंपनीच्या कर्जफेडीचा आराखडा मंजूर झाला, म्हणून वैयक्तिक जामीनदार आपोआप सुटत नाही. कंपनी मोकळी होते आणि मागे तू राहतेस.

माझ्या टेबलासमोर एक गृहस्थ बसायचे. भावाच्या शीतगृहाच्या कर्जाला जामीन राहिले होते. भाऊ उद्योग बंद करून गाव सोडून गेला. हे शाळेतले शिक्षक, आयुष्यात एक रुपया बुडवलेला नाही. पासबुक रुमालात गुंडाळून आणायचे. उघडायचे, बाकी बघायचे, पुन्हा रुमालाच्या चारी टोकांची घडी घालायचे आणि विचारायचे, “मॅडम, मी फक्त सही केली होती ना?” मी काय उत्तर देणार होते?

तू म्हणशील, जोखीम घेतल्याशिवाय मोठं काही होत नाही. खरं आहे. पण ज्यांची नावं तू घेतेस त्यांचीच गोष्ट नीट बघ. संजीव बिखचंदानींनी १९९० साली चांगली नोकरी सोडली, त्यांची नोकरी डॉट कॉम ही वेबसाइट सुरू झाली १९९७ मध्ये. मधली इतकी वर्षं घर पत्नीच्या पगारावर चाललं, ते स्वतःच सांगतात. २००० मध्ये सात कोटींच्या वर गुंतवणूक मिळाली आणि त्याच सुमारास जगभरचं डॉट कॉम कोसळलं. तेव्हा हाती आलेले पैसे जपून वापरले म्हणून कंपनी तगली, २००६ मध्ये शेअर बाजारात आली. २०१० मध्ये त्यांच्या इन्फो एजने, म्हणजे नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या कंपनीने, झोमॅटोत पहिल्यांदा पैसे घातले, पावणेपाच कोटींच्या आसपास, आणि झोमॅटो बाजारात यायला २०२१ उजाडलं. ते पैसे चालत्या कंपनीचे होते गं, राहत्या घराचे नव्हते. अकरा वर्षं थांबता आलं ते त्यामुळे.

आणि कागदावरच्या किमतीचं काय? मोबाइल रिचार्जची फ्रीचार्ज कंपनी २०१५ मध्ये स्नॅपडीलने घेतली तेव्हा ४० कोटी डॉलर छापून आले होते, म्हणजे अडीच हजार कोटी रुपये. दोनच वर्षांनी ॲक्सिस बँकेने तीच कंपनी ३८५ कोटींना घेतली. फ्रीचार्ज काढणारे कुणाल शाह तोवर बाहेर पडले होते, २०१८ मध्ये त्यांनी क्रेड ही नवी कंपनी काढली. तुलाही तसं वेळेवर बाहेर पडता येईल, हे कशावरून? गुंतवणूकदारांचे प्रेफरन्स शेअर असतात, कंपनी पडत्या भावात विकली तर आधी पैसे त्यांना मिळतात आणि उरलं तर तुला. हे तूच मला समजावलं होतंस, स्वयंपाकघरात, वाटाणे सोलता सोलता.

अप्पा एप्रिलमध्ये द्राक्षाच्या खरड छाटणीला मजुरांच्या मागे उभे असायचे, आठवतं? सगळ्या काड्या छाटा म्हणायचे, वेल बोडका दिसला तरी चालेल, पण ओलांड्याला, म्हणजे वेलीच्या कायमच्या आडव्या फांदीला, कात्री लागता कामा नये. तुझा फ्लॅट हा तुझा ओलांडा आहे. कंपन्या कितीही काढ आणि छाट.

फार बोलले. ‘आई भाषण देते’ असं अनिकेतला सांगू नकोस, आणि सांगितलंस तरी हरकत नाही. तुला दुखवायचं नव्हतं. फोनवर माझा आवाज चढला, त्याचं मनात ठेवू नकोस. पोरांच्या कंपन्यांत पैसे घालतेस त्याला तर माझी ना नाहीच. तुला पहिले पाच लाख ज्यांनी दिले ते ना नात्यातले होते ना गोत्यातले, तेव्हा तूही कुणाला तरी द्यावंस हे मला फार आवडतं. फक्त त्यातले बहुतेक परत येणार नाहीत असं धरूनच दे, आणि एका वेळी एकाला मोठी रक्कम नको. फ्लॅटचं मात्र… बघ, पुन्हा तिथेच आले.

कर्ज देणाऱ्यांना विचार, कंपनीची येणी तारण चालतील का. फाउंडरचा जामीन नसेल तर व्याज थोडं जास्त लावतील. लावू देत. जामिनाला मर्यादा घालून मिळते का तेही विचार, ठरावीक रकमेपुरता आणि ठरावीक मुदतीपुरता. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. मसुदा मला पाठव. नजर अजून चांगली आहे, बारीक अक्षर वाचते.

सिंहस्थाच्या कामांनी सगळीकडे रस्ते खणलेत, येशील तेव्हा नाशिकरोडहून घरी पोचायला वेळ लागेल, हाती तासभर जास्त ठेव. मामाने बेदाणे दिलेत, तुझा डबा भरून ठेवलाय. अनिकेतला आशीर्वाद. जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई

ता. क. सही आधीच करून टाकली असशील तर तेही सांग. मी ओरडणार नाही. पण मग कागदांची प्रत लगेच पाठव, आणि बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस.