शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र : उंचीचा रकाना कोरा का?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळेतला वजनकाटा आणि वाढत्या मुलांचा डबा

स. न. वि. वि.

मी पुण्यात कर्वेनगरला राहते आणि गेली १४ वर्षं शाळकरी मुलांचे डबे करते. सध्या रोजचे ४२. मोठ्या सुट्टीच्या आत ते शाळांच्या फाटकावर पोचतात आणि तीनच्या सुमारास माझ्या ओट्यावर परत येतात. डॉक्टर नाडी बघतात, मी परत आलेला डबा बघते. पोळी संपलेली आणि उसळ तशीच, म्हणजे पोळीची सुरळी करून पोरगं खेळायला पळालं. झाकणाला वरण लागलेलं, म्हणजे दप्तर भिरकावलं. सगळंच तसंच परत, म्हणजे कुणाशी तरी भांडण किंवा गणिताचा पेपर.

ऑगस्टमध्ये एका आईचा मेसेज आला. ‘काकू, उद्यापासून हिच्या डब्यात पोळी-भात नको. काकडी, गाजर, थोडे मोडाचे मूग. तेल अजिबात नको.’ खाली कुठूनतरी आलेला १२०० कॅलरीचा तक्ता. मुलगी सातवीत, वय १२. माझ्याकडे पहिलीपासून डबा आहे तिचा. मेथीचे ठेपले असले की डब्यात चिठ्ठी येते, ‘उद्या पण.’

मी फोन केला. शाळेत तपासणी झाली होती आणि त्याचा कागद घरी आला होता. मी त्याचा फोटो मागवून घेतला. वजन ४७ किलो. शेरा : ‘वजन जास्त. आहार नियंत्रित करावा.’ आणि उंचीचा रकाना कोरा.

साहेब, मी बारावीपर्यंत शिकले आहे, पण ४७ किलो जास्त की कमी हे उंची कळल्याशिवाय कसं ठरवलं, हे मला अजून उमगलेलं नाही. पुढे बालरोगतज्ज्ञांकडे उंची मोजली, ती निघाली १५४ सेंटिमीटर. डॉक्टरांनी मुलांच्या वाढीच्या तक्त्यावर पेन टेकवून दाखवलं, मुलगी रेषेच्या आत होती.

तो तक्ता मी नीट बघून घेतला. वय, मुलगा की मुलगी, उंची आणि वजन यांचा मेळ घालून तो वाचायचा असतो. मोठ्या माणसांना उंची-वजनाच्या हिशेबाचा (बीएमआयचा) लावतात तो एकच आकडा मुलांना चालत नाही. भारतीय बालरोग अकादमीचे ५ ते १८ वर्षांच्या मुलांचे हे तक्ते २०१५ साली सुधारून निघाले आणि त्या कामात पुढे होते ते पुण्यातले डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर. याच पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा आपली बाळं काट्यावर हलकी, पण अंगात चरबीचा वाटा त्यांच्या मानाने जास्त. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध अधिक, त्यांची बाळं अंगापिंडाने मोठी. म्हणजे नुसता काटा अर्धंच सांगतो हे ज्या गावाने जगाला दाखवलं, त्याच गावातल्या शाळेत उंचीचा रकाना रिकामा. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

वजन कसं घेतलं तेही ऐका. वर्गाची ओळ केली, एक जण काट्यावर, दुसरी वही घेऊन, आणि आकडा मोठ्याने वाचायचा. मोठ्या सुट्टीपर्यंत पोरीचं नाव ‘टेम्पो’ पडलं. मुलं मुलंच असतात, त्यांना मी दोष देत नाही. ती पुकारण्याची पद्धत कुणाची, एवढंच विचारते. भाजीमंडईत वांगी मोजतात तीसुद्धा नाव घेऊन नाही.

मुलींचं साधारण १० ते १३ हे वय झपाट्याने वाढायचं. त्या आधी मूल थोडं अंगाने भरतं, मग सरसर उंच होतं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना हे ठाऊक असायचं, म्हणून फ्रॉकला खाली चार बोटं दुमड ठेवायच्या. नेमक्या त्या दुमडीच्या वर्षात आपण मुलीला डाएटवर बसवतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने १० ते १२ वर्षांच्या मुलीला दिवसाला २,०६० कॅलरीच्या आसपास लागतात, लोह २८ मिलिग्रॅम, कॅल्शियम ८५० मिलिग्रॅम. दूर कशाला जायचं, तुमच्या शालेय पोषण आहारातच सहावी ते आठवीच्या मुलाला दुपारच्या एका जेवणात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. आणि या मुलीच्या घरातला तक्ता सांगतो, पूर्ण दिवसाच्या मिळून १२००.

मी काय केलं? चुकले. गिऱ्हाईक सांगेल तसं भरलं. दोन महिने काकडी-गाजर भरत राहिले. डबा चकाचक परत यायचा आणि मला वाटायचं, खाते बिचारी. मग रिक्षावाले काकांनी सांगितलं की क्लासच्या बाहेरच्या बेकरीत ती रोज साडेपाचला दोन क्रीमरोल उभ्या उभ्या खाते आणि घरी सांगू नका म्हणते. भूक कुठे जाणार?

ऑक्टोबरात कवायतीच्या तासाला तिला चक्कर आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. डाएटमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. ते आधीपासूनच कमी असणार, एवढं दोन महिन्यांत उतरत नाही असं डॉक्टर म्हणाल्या. पण म्हणूनच मला जास्त लागलं. जिला लोह मुळातच कमी होतं, तिच्या डब्यातून आम्ही मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाची पोळी काढून घेतली. काट्याला ते दिसलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त मुलींत रक्त कमी आढळलं होतं. ‘वजन जास्त’ लिहिणाऱ्या पेनाने ‘पापण्या फिक्या’ एवढंही कुणी लिहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई मुलांना खुशाल लठ्ठ होऊ द्या म्हणते. नाही हो. शहरात मुलं जाडी होताहेत हे मला दिसतं, माझ्या स्वतःच्या भाच्याचं पोट दिसतं. पण त्याला उतारा उपाशी ठेवणं नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे की शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत. मी ज्या शाळांना डबे देते त्यातल्या एका फाटकापासून मी पावलं मोजली आहेत. सत्ताविसाव्या पावलाला टपरी लागते आणि तिच्यावर चिप्सच्या माळा. त्या टपरीवाल्यालाही पोट आहे. शेंगदाणे-फुटाणे, चिक्की, सासवडकडच्या मटारच्या उकडलेल्या शेंगा, केळी तो विकू शकतो. त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही, एवढंच.

आणि मोठी सुट्टी. नावाला मोठी, वीस मिनिटांची. नळावर रांग, डबा शोधणं, बाकावरून वह्या उचलणं, यात जेवायला सात-आठ मिनिटं उरतात. भाकरी चावून खायला सात मिनिटं पुरत नाहीत, बिस्किटाला पुरतात. ज्वारीची भाकरी दिली की परत येते, म्हणून हळूहळू मीही द्यायची बंद केली. चव नाही म्हणून नव्हे, घड्याळामुळे. जेवायची सुट्टी सलग अर्धा तास करा आणि तेवढ्या वेळात ‘गृहपाठ पूर्ण करून घ्या’ म्हणून कुणाला वर्गात बसवू नका. याला पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

पैसा लागतो अंड्याला. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की अंडा पुलाव आणि नाचणी सत्त्वासाठी वेगळा निधी नाही, लोकसहभागातून बघा. मी स्वतः अंड्याला हात लावत नाही, माझे डबे पूर्ण शाकाहारी आहेत, तरी लिहिते : ज्या पोराच्या घरी दूध-तूप नाही, त्याला अंड्याइतकं स्वस्त आणि पुरं अन्न मला तरी माहीत नाही. आणि नाचणी? शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, भोर-वेल्ह्याच्या डोंगरात पिकते. ती लोकसहभागावर सोडायची आणि वजनाचा काटा मात्र सरकारी ठेवायचा, हा कुठला न्याय?

तपासणी बंद करा असं माझं म्हणणं नाही. पडद्याआड करा, एकेकाला बोलवा, उंची आधी मोजा. शेरा बाकावर वाटू नका, बंद पाकिटातून पालकांना द्या. आणि त्यावर ‘आहार नियंत्रित करावा’ असं मोघम लिहू नका. ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढं पुरे. ‘आहार नियंत्रित करावा’ या तीन शब्दांवर आया काय काय करतात ते मला माहीत आहे, कारण ते मीच भरते.

मुलगी आता बरी आहे, गोळ्या चालू आहेत. डब्यात दोन पोळ्या, उसळ, लिंबाची फोड आणि दिवसाआड अळिवाचा लाडू. क्रीमरोल अजून खाते का ते मी काकांना विचारलेलं नाही.

या पत्राचं उत्तर दिलंत तर कृपा करून लेखी द्या. फोन केलात तर दुपारी एक ते चार लागणार नाही. पुण्याबद्दलचा तो विनोद आहे, पण माझ्यापुरता खरा आहे. त्या वेळात मी ४२ डबे उघडत असते.

कळावे,
आपली,
डबे करणारी एक काकू
कर्वेनगर, पुणे