पाकिटावरचे ६० दिवस कुठून मोजायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मागे चेरी टोमॅटोवर एक छोटं टिपण आलं होतं. त्यात ‘गोड आणि लवकर येणारं वाण निवडा’ असं एक वाक्य टाकलं आणि पुढे लगेच खत-पाणी सुरू. अहो, पण निवडायचं कसं तेच तर आम्हाला हवं होतं! खत-पाणी काय, कुणीही सांगतं. म्हणून म्हटलं आपणच लिहावं, दोन-तीन वेळा हात पोळून घेतलेत म्हणून थोडंफार कळतं एवढंच.

पहिल्यांदा मी फसलो ते दिवसांच्या आकड्याला. पाकिटावर ‘६० दिवस’ लिहिलेलं, मी बी पेरलं त्या दिवसापासून कॅलेंडरवर खुणा करत बसलो आणि साठाव्या दिवशी बघतो तर झाडावर नुसती चार पिवळी फुलं. वाटलं बी बोगस निघालं, विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडून झाली. नंतर कळलं की टोमॅटोच्या बाबतीत हे दिवस बहुतेक वेळा रोप मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात लावल्यापासून मोजतात, आणि बी पेरून रोप त्या लायकीचं व्हायलाच सहा ते आठ आठवडे जातात. म्हणजे ६० दिवसांचं वाण बियापासून धरलं तर शंभर दिवसांच्या आसपास. हे पाकिटावर कुणी धड लिहीत नाही. वर तो आकडाही बेताच्या हवेतला असतो, थंडी असली की लांबतो आणि फार उकाडा असला तर फुलंच गळतात, रात्रीही गरम राहिलं की फळ धरतच नाही.

दुसरी चूक म्हणजे बुटकं झाड बघून भाळलो. मायक्रो टॉम नावाचं एक वाण आहे, फ्लोरिडा विद्यापीठात तयार झालेलं, १९८९ साली बाहेर आलं, जेमतेम वीतभर उंच, चहाच्या मगात बसेल असं. टायनी टिम तर त्याहून जुनं, न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचं, १९४५ सालचं. दिसायला दोन्ही गोड, लवकर येतात, खिडकीत ठेवायला मस्त, पण चव म्हणाल तर ठीक, तोंडाला पाणी सुटेल असं काही नाही. आणि ह्याला कारण आहे, नशीब नाही. साखर पानात तयार होते आणि तिथून फळात उतरते, झाड बुटकं म्हणजे पानं कमी आणि फळं एकदम लागलेली, मग प्रत्येक फळाच्या वाट्याला येणार ते किती? ज्या झाडाची वाढ ठरावीक उंचीला थांबते त्यात दोन घोसांच्या मधे एखाद-दुसरं पान, वेलासारखं वाढत जाणाऱ्यात तीन-तीन पानं. हा वाढ थांबवणारा गुण १९१४ मध्ये फ्लोरिडातच एका झाडात आपोआप आलेला दिसला आणि पुढे शेतीवाल्यांना त्याचा फार फायदा झाला कारण सगळं फळ एकाच वेळी तोडता येतं, पण आपल्याला रोज मूठभर तोडून खायचंय, आपली गरज वेगळी.

तर माझं सरळ म्हणणं असं की जागा असेल तर वेलासारखं वाढणारं घ्या, १५ ते २० लिटरची कुंडी, उंच काठी आणि रोज ६ ते ८ तास ऊन. ह्यातही लवकर येणारी आहेत. सनगोल्डचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, जपानच्या टोकिता कंपनीचं संकरित वाण, रोप लावल्यापासून साधारण ५७ दिवस धरतात. गोडीला ह्याला तोड नाही हे माझं मत, वाद घालायला तयार आहे. पण दोन खोड्या. एक, साल पातळ, कोरडं पडून एकदम भरपूर पाणी मिळालं की फळ तडकलंच म्हणून समजा. दुसरी, ते लाल होतच नाही! आमच्या ओळखीतले एक काका लाल व्हायची वाट बघत बसले आणि सगळा घोस तडकून गेला, ते गडद केशरी झालं की तोडायचं असतं. तडकणं नको असेल तर सनशुगर बघा, चवीला जवळपास तसंच आणि साल जरा दमदार. लालच हवं असेल तर सुपरस्वीट १००, झाड सुकवून टाकणाऱ्या मर रोगालाही बऱ्यापैकी टिकतं. ब्लॅक चेरी चवीला फार भारी पण उशिरा येतं, घाई असलेल्यांनी नादी लागू नये.

अजून एक गैरसमज, पिवळा म्हणजे कमी आंबट. रंगावरून आंबटपणा ठरत नाही. आणि नुसती साखर असूनही भागत नाही बरं का, थोडा आंबटपणा नसेल तर फळ मिळमिळीत लागतं.

रोप विकत घेताना तर लोक हमखास चुकतात, मीपण चुकलोय. चहाच्या कपाएवढ्या पिशवीतल्या ज्या रोपाला आधीच दोन टोमॅटो लटकलेत तेच उचलतात, वाटतं हे सगळ्यात लवकर येणार. ते रोप खरं तर जागा कमी पडून घाईला आलेलं असतं, घरी आणल्यावर रुसून बसतं. बुंधा जाड, पानं गडद, उंची वीतभर आणि फुलं नसलेलं रोप घ्यावं, खालची पानं काढून देठ खोल पुरावा, पुरलेल्या भागाला मुळं फुटतात. आणि वाणाचं नाव विचारा. ‘चेरी आहे’ हे उत्तर नाही, चेरी म्हणजे नुसता आकार झाला.

तोडलेली फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, वास आणि चव दोन्ही जातं. एवढी मेहनत करून शेवटी फ्रिज, कशाला?

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी वाणाचं नाव, झाड बुटकं की वेलासारखं, आणि दिवस कुठून मोजलेत ह्या तीन गोष्टी छापा, फोटो नसला तरी चालेल. फोटोत सगळेच टोमॅटो गोड असतात.

जाता जाता, संकरित वाणाचं बी धरून पुढे तसंच झाड येत नाही असं सगळे सांगतात, मी ऐकलं नाही, सनगोल्डचं बी धरून लावलंच. झाड आता माझ्या खांद्याला लागलंय, फळं चक्क लाल आलीत, गोडी निम्मी. पण तडकत मात्र एकही नाही, त्यामुळे परत बी धरावं का ह्यावर घरात दोन तट पडलेत.

आपला,
एक नियमित वाचक