मत्स्यालयाचे तिकीट आणि काचेपुढचा वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांना सुटी लागली की मुलांना मत्स्यालय दाखवण्यासाठी चार जणांचे इतके पैसे मोजावेत का, हा विषय मुंबईतल्या बहुतेक घरांत निघतो आणि तिकिटाचा आकडा ऐकताच बहुधा निकालातही निघतो. माझ्या मते हा खर्च वसूल होणे तिकिटाच्या आकड्यापेक्षा मुलाला एका काचेपुढे किती वेळ उभे राहू देतात यावर अवलंबून असते. या कसोटीवर शहरात अधूनमधून मैदानांवर भरणारी ‘समुद्राखालच्या बोगद्या’ची प्रदर्शने महाग पडतात, आणि जे मत्स्यालय खरोखर परवडत होते ते मात्र आज आपल्याजवळ नाही.

अशाच एका प्रदर्शनाला गेल्या उन्हाळ्यात मी नातवंडांना घेऊन गेले होते. रांग तासाभराची, बोगदा जेमतेम काही मिनिटांचा, आणि त्या काही मिनिटांतही मागून ‘पुढे चला, पुढे चला’ चालूच. घरचा डबा फाटकावरच ठेवून घेतला गेला. टाक्यांवर नावांच्या पाट्या नव्हत्या. नातीने एका करड्या, मिशाळ माशाकडे बोट दाखवून विचारले तेव्हा तिथल्या मुलाने तो ‘शार्क’ असल्याचे ठामपणे सांगितले. तो पंगस होता, ज्याचे तुकडे आपल्याकडे ‘बासा’ म्हणून विकले जातात. (शोभेच्या माशांच्या दुकानांतही त्याच्या पिल्लांना शार्कच म्हणतात, त्यामुळे त्या मुलाला फार दोष देण्यात अर्थ नाही.) बोगद्यातून बाहेर पडताच पाळणे, बंदुकीने फुगे फोडणे आणि मक्याच्या कणसांच्या गाड्या होत्या, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. त्या दिवशीच्या एकूण खर्चात माशांचा वाटा निम्म्याहूनही कमी होता.

याचा अर्थ मत्स्यालय स्वस्तात चालवता येते असा नाही. माशांनी कल्ल्यांवाटे सोडलेला अमोनिया पाण्यात साठला तर तो त्यांनाच मारक ठरतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीत जिवंत राहावेत म्हणून पंप रात्रंदिवस चालवावे लागतात, खाऱ्या पाण्याची क्षारता सांभाळावी लागते, नवा मासा काही दिवस वेगळा ठेवावा लागतो आणि वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था तयार असावी लागते. हा सगळा खर्च केवळ तिकीट खिडकीवर काढायचा म्हटले तर गर्दी भराभर पुढे ढकलण्यावाचून चालकाला गत्यंतर नसते. म्हणूनच मत्स्यालय हे ग्रंथालयासारखे सरकारने किंवा महापालिकेने चालवण्याचे काम आहे, असे मला वाटते.

मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय हे असेच काम होते. एका पारशी दात्याच्या देणगीचा हातभार लागून उभे राहिलेले आणि १९५१ मध्ये खुले झालेले हे मत्स्यालय राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे होते. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा त्यात १२ फूट लांबीचा अ‍ॅक्रिलिकचा बोगदा होता, आणि तिकीट प्रौढांना ६० व मुलांना ३० रुपये, म्हणजे चौघांचे १८० रुपये होते. चर्नी रोड स्थानकापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने मेगाब्लॉकचा रविवार टाळला की प्रवासाचाही फारसा खर्च येत नसे. २०२० मध्ये करोनामुळे ते बंद झाले, पुढे इमारतच धोकादायक ठरली.

समुद्र फुकट असताना मत्स्यालय कशाला, असे काही जण विचारतात. ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांत खेकडे, समुद्रफुले (फुलासारखे दिसणारे, खडकाला चिकटून राहणारे प्राणी), शंख दिसतात, खाडीच्या चिखलात निवट्या नावाचे मासे उड्या मारताना दिसतात, आणि मुलांना ते जरूर दाखवावे. परंतु शेवाळलेल्या खडकांवर आजी-आजोबांना नेता येत नाही, पावसाळ्यात तिथे जाणे धोक्याचे असते, आणि आपला समुद्र इतका गढूळ आहे की त्याच्या काठी वाढलेल्या मुलालाही हातभर खोलीवर काय चालले आहे ते दिसत नाही. पापलेट, बोंबील आणि सुरमई ताटात अचूक ओळखणाऱ्या मुलांनी जिवंत, पोहणारा मासा समोरून क्वचितच पाहिलेला असतो. तारापोरवालामध्ये क्लाऊनफिशच्या टाकीपुढे माझी नात बराच वेळ हलली नव्हती. इतर माशांना डंख करणाऱ्या समुद्रफुलाच्या बोटांत तो नारिंगी मासा अंग घासत आत शिरत होता, शेजारचा मासा जवळ आला की बाहेर येऊन त्याच्यावर धावून जात होता आणि पुन्हा आत लपत होता. त्याला डंख का होत नाही, हा प्रश्न तिने स्वतःहून विचारला आणि अंगावरच्या बुळबुळीत थराचे उत्तर पाटीवर सापडले. त्यासाठी मोजलेले ३० रुपये कोणालाही जड वाटू नयेत.

राणीच्या बागेत पेंग्विन आल्यानंतर २०१७ मध्ये तिकीट ५ रुपयांवरून ५० झाले तेव्हा बरीच ओरड झाली. पण त्याच वेळी आई-वडील आणि दोन मुलांसाठी १०० रुपयांचे कौटुंबिक तिकीटही ठेवले गेले, हे विसरले जाते. नव्या मत्स्यालयाची आखणी करताना शासनाने तशीच कौटुंबिक सवलत ठेवावी, महापालिका शाळांसाठी आठवड्यातला एक दिवस राखावा आणि परदेशी रंगीत माशांइतकीच जागा कोकण किनाऱ्यावरच्या माशांना द्यावी, ही माझी विनंती आहे.

तोवर खासगी प्रदर्शनाला जाणाऱ्या पालकांनी पैसे भरण्यापूर्वी खिडकीवरच विचारून घ्यावे की आत थांबण्यास वेळेची मर्यादा आहे का, डबा आणि पाण्याची बाटली नेता येते का, आणि एकदा बोगदा पाहिल्यावर मागे वळून पुन्हा पाहता येतो का. उत्तरे समाधानकारक नसतील तर तेच पैसे खिशात ठेवून भायखळ्याला उतरलेले बरे. बुधवारी मात्र राणीची बाग बंद असते.

आपली नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड (पूर्व)