साखळी आणायच्या आधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं आणि रात्री कितीतरी वेळ डोळ्याला डोळा लागला नाही. तुझा कुत्रा बंड्या आठवड्यात दोनदा बागेतून निसटला, दुसऱ्या वेळी थेट रस्त्यावर गेला आणि समोरच्या गाडीवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचला, हे वाचताना माझ्याच पोटात गोळा आला. शेवटी तू विचारलंस की त्याला लांब साखळीने बांधावं, की जमिनीत तार पुरून गळ्यात विजेचा पट्टा घालतात ते बसवून घ्यावं. माझं उत्तर आहे, दोन्ही नको. पण नुसतं 'नको' म्हणून तुझी काळजी मिटणार नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय.

आधी साखळीचं. ही गोष्ट मी आजवर तुला सांगितलेली नाही. माझी कुत्री राणी तेव्हा दीड वर्षाची होती आणि मागच्या भिंतीवरून उडी मारायला नुकतीच शिकली होती. मी पंधरा फुटांची दोरी आणली. एक टोक झाडाला बांधलं, दुसरं तिच्या गळपट्ट्याला. तिला हिंडता येईल आणि मीही निर्धास्त राहीन, असा हिशेब. मी आत काहीतरी आवरत होतो. बाहेर तिचं भुंकणं चालू होतं, आणि ते मध्येच तुटल्यासारखं थांबलं. त्या शांततेनं मी बाहेर धावलो. राणी भिंतीच्या पलीकडच्या बाजूला लटकत होती. दोरी भिंत ओलांडण्याइतकी लांब होती, खाली उतरण्याइतकी नव्हती. मागच्या पायांची नखं जेमतेम जमिनीला टेकत होती, एवढ्यावरच तिचा जीव तगला होता. मी पलीकडे उडी टाकली, पण ताण असताना पट्ट्याचं बकल निघेना. तिला एका हाताने वर उचलून धरलं तेव्हा कुठे ते सुटलं. पुढचे दोन दिवस तिला पाणी गिळतानाही त्रास होत होता. इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना माझा हात थांबतो.

तू म्हणशील, दोरी आखूड ठेवतो. आखूड दोरी झाडाच्या बुंध्याला गुंडाळली जाते आणि पाण्याचं भांडं हातभर अंतरावर असूनही कुत्रा तहानलेला बसतो. बाहेरचं भटकं कुत्रं आत शिरलं तर बांधलेल्याला पळताही येत नाही. आणि रोज तासन्‌तास बांधलेला कुत्रा हळूहळू चिडका होतो. समोरून जाणाऱ्या प्रत्येकावर झेपावायचं, दर वेळी गळ्याला हिसका बसायचा, हेच त्याचं आयुष्य होऊन बसतं. कधी बांधणं भागच पडलं, तर गळपट्ट्याला नाही, छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला बांध. भिंतीपासून दूर, गोल फिरणाऱ्या कडीला, आणि तू स्वतः तिथे बसलेला असताना.

आता विजेचा पट्टा. पुरलेल्या तारेतून एक संकेत जात असतो. कुत्रा तारेजवळ आला की पट्टा आधी टीं-टीं करतो आणि तरीही तो पुढे गेला तर गळ्याला झटका देतो. ऐकायला सुटसुटीत वाटतं. पण समोरून मांजर पळालं की त्या भरात कुत्रा झटका सोसून पार होतो. मग मांजर निघून जातं, भर ओसरतो, आणि घरी परतायचं तर तोच झटका पुन्हा! तो बाहेरच घुटमळत राहतो. शिवाय ती तार बाहेरच्या कुत्र्यांना अडवत नाही, गेटातून हात घालणाऱ्या पोरांनाही नाही. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की झटका तारेमुळे बसला हे कुत्र्याला समजेलच असं नाही. त्या क्षणी समोरून एखादं लहान मूल सायकलवरून जात असेल, तर वेदनेचा संबंध तो त्या मुलाशी जोडतो. कुणालाही न चावलेला कुत्रा अशाने माणसांना भिऊ लागतो, अंगावर जाऊ लागतो. वेल्समध्ये २०१० साली कुत्र्या-मांजरांना असे झटक्याचे पट्टे घालण्यावर कायद्यानेच बंदी आली. बंड्यासारख्या मायाळू जिवाच्या गळ्यात ते घालायची कल्पनाही मला सहन होत नाही.

तर आता बागेकडे वळू. तू 'निसटतो' असं लिहिलंस, पण कसा निसटतो ते लिहिलं नाहीस. सगळं तिथेच आहे. उडी मारतो, चढतो, खालून उकरतो, फटीतून अंग काढतो, की गेट उघडं मिळालं की पसार होतो? प्रत्येकाचा इलाज वेगळा. त्याला बागेत सोड आणि तू घरातून, त्याला दिसणार नाही असा, लक्ष ठेव. मग तो घरात असताना गुडघ्यांवर बसून सगळ्या कुंपणाला एक फेरी घाल. उभ्याने न दिसणाऱ्या फटी तिथून दिसतात. फटीबद्दल एवढं लक्षात ठेव, की डोकं गेलं की बहुतेक वेळा मागचं अंगही जातंच.

बंड्याच्या अंगाकडे बघता मला चढण्याचा संशय जास्त आहे. पुष्कळ कुत्रे एका झेपेत भिंत ओलांडत नाहीत. पुढचे पंजे वरच्या कडेला अडकवतात आणि मागच्या पायांनी रेटा देत वर जातात. म्हणून आतल्या बाजूला आडव्या पट्ट्या असलेलं कुंपण म्हणजे त्यांच्यासाठी शिडीच. चौकटी-चौकटींच्या तारेच्या जाळीतही बोटं छान रुततात. भिंतीला टेकलेलं त्याचं लाकडी घर, विटांचा ढीग, मोठ्या कुंड्या हे सगळं भिंतीपासून पाच-सहा फूट लांब सरकव, कारण त्या त्याच्या पायऱ्या आहेत. त्याच्या आकाराच्या चपळ कुत्र्याला कुंपण सहा फूट तरी हवं. उंची वाढवायची तर एकदाच आणि पुरेशी वाढव. मी काय केलं होतं, आधी अर्धा फूट, मग आणखी अर्धा. दर वेळी राणीने थोडा सराव केला आणि जिंकली. मीच तिला उंच उडी शिकवत होतो. शेवटी कुंपणाच्या माथ्यावर दीड फुटाची जाळी आतल्या बाजूला कलती बसवली, तेव्हा तिने नाद सोडला. माथ्यावर तारेत ओवलेला, सैल फिरणारा पाइप लावला तरी चालतो; पंजा टेकला की तो फिरतो आणि पकड मिळत नाही. फक्त काचा किंवा टोकदार सळया लावू नकोस. उडीच्या भरात कुत्र्याला त्या दिसत नाहीत, पोट फाटतं.

उकरत असेल तर भिंतीचा पाया खोल नेत बसायची गरज नाही. वेल्डेड जाळीची दीड-दोन फूट रुंद पट्टी घे, कुंपणाच्या पायथ्याशी घट्ट बांध आणि आतल्या बाजूला जमिनीवर सपाट अंथर. कापलेली टोकं खाली वळव, म्हणजे पंजे कापणार नाहीत. वर चार बोटं माती टाक. थोड्या दिवसांत गवत उगवून ती दिसेनाशी होते. कुत्रा उकरतो ते अगदी कुंपणाला चिकटून, आणि तिथेच त्याच्या नखांना जाळी लागते. दोन फूट मागे सरकून सुरुवात करावी, हे त्याला सहसा सुचत नाही.

पण खरं सांगू का, राणी भिंतीवरून जेवढ्या वेळा गेली त्याच्या दुप्पट वेळा गेटातून गेली. आणि प्रत्येक वेळी गेट एखाद्या माणसाने उघडं टाकलेलं होतं. पार्सलवाला, मीटर बघणारा, पाहुण्यांची मुलं, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलेला मी. कुणालाही दोष देण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी गेटाच्या आत पाच फुटांवर आणखी एक लहान गेट बसवलं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा घरातल्या सगळ्यांचा नेम. बाहेरच्या गेटाला स्प्रिंगची बिजागरी लावली, त्यामुळे ते आपोआप मिटतं. कडी अशी लावली की नाकाने किंवा पंजाने वर ढकलता येणार नाही. गेटाखालची फट फळीने बुजवली. या एका कामावर मी जेवढा वेळ घालवला तेवढा कशावरच नाही, आणि तो सगळ्यात सत्कारणी लागला. तुझ्याकडे रस्त्याकडचं कुंपण आरपार दिसणारं आहे ना? त्याचा खालचा भाग फळ्यांनी किंवा चटईने झाक. येणारं-जाणारं दिसलं नाही की धावणं आणि भुंकणं दोन्ही कमी होतं.

आता एक विचारू? बंड्याला बाहेर जावंसं का वाटतं? तो दहा महिन्यांचा आहे, म्हणजे ऐन वयात आलेला. आसपास एखादी कुत्री माजावर आली असेल तर तिचा वास त्याला फार दूरवरून येतो. डॉक्टरांशी नसबंदीबद्दल बोल. त्याने नराचं भटकणं बऱ्याचदा कमी होतं, पूर्ण थांबेलच असं मात्र नाही. ढगांच्या गडगडाटात पळाला असेल तर तो भीतीने पळालाय, आणि भ्यालेला कुत्रा दात-नखं मोडेपर्यंत कुंपणाशी झटतो. तेव्हा त्याला घरातच ठेव, तुझ्याजवळ. आणि बाग मोठी आहे म्हणून फिरवणं बंद केलं असशील, तर ते आजच सुरू कर. एकटा कुत्रा बागेत धावत नाही रे, गेटाशी बसून तुझी वाट बघतो. त्याला हुंगायला दे. एका कोपऱ्यात भुसभुशीत माती टाकून त्यात खेळणी पुर आणि ती उकरू दे. घरी कुणी नसताना मात्र बागेत कधीच सोडू नकोस, कुंपण कितीही पक्कं झालं तरी.

बागेत सावली आणि पाणी दिवसभर हवंच. कण्हेर, धोतरा, एरंड आणि विशेषतः सायकस, म्हणजे ते ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, काढून टाक. सायकसच्या बिया चघळून कुत्र्यांची यकृतं निकामी होतात. उंदराचं किंवा गोगलगायींचं औषध कुठे टाकलेलं असेल तर तेही.

गळ्यात तुझा नंबर कोरलेला बिल्ला घाल आणि कातडीखाली मायक्रोचिप बसवून घे. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही, त्यामुळे त्या क्रमांकापुढे तुझा चालू फोन नंबर नोंदलेला असेल तरच तिचा उपयोग. आणि पुन्हा निसटलाच तर त्याच्यामागे धावू नकोस, त्याला तो खेळ वाटतो. खाली बस, हाक मार, किंवा उलट्या दिशेला पळ. आला की कितीही राग आला असला तरी जवळ घे. परत आल्यावर ओरडा खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी लवकर येत नाही.

रविवारी सकाळी मी पक्कड आणि जाळी घेऊन येतो. त्याआधी गेटाची रुंदी आणि मागच्या भिंतीची लांबी मोजून कळव. तोवर, लपून बघायची ती एक वेळ सोडली तर, बंड्याला बागेत नेशील तेव्हा दोरी तुझ्या हातात असू दे, अगदी पाच मिनिटांसाठी असलं तरी.

तुझाच,
राणीचा बाबा