विषय: दोन तासांत गेलेला हेडलॅम्प आणि खोक्यावरचा तो पळणारा माणूस

हे पत्र कस्टमर केअरसाठी नाहीये. त्यांच्याशी माझं चार वेळा बोलून झालंय, चौथा फोन आत्ता वीस मिनिटांपूर्वी संपला, म्हणजे मी नाही ठेवला, तिकडून कट झाला. ज्या कोणी हा दिवा डिझाइन केलाय, किंवा त्याच्या खोक्यावर काय छापायचं ते ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मॉडेल कुठलं ते तुम्हाला माहीत आहे. तक्रार नंबर पण तुमच्याकडे आहे, दर फोनला मी तो नव्याने वाचून दाखवलाय, आता झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

झालं ते पाचव्यांदा सांगते. दिवा रात्रभर चार्जिंगला होता, सकाळी चारही हिरवे ठिपके लागलेले. त्याच रात्री १६ किलोमीटरच्या ट्रेलवर गेले, आठ वर आठ खाली, मला साधारण अडीच तास लागतात. मिडियम मोड. खोक्यावर मिडियमपुढे लिहिलंय २०० लुमेन (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप), ६ तास. म्हणजे अडीच तास काय, जाऊन येऊन परत एकदा जाऊन आले असते तरी पुरायला हवा होता. वर पोचल्यावर मुद्दाम थांबून दिवा डोक्यावरून काढून बघितला, कारण तुमचे ते ठिपके मागच्या बॅटरीवर आहेत, डोक्याच्या मागच्या बाजूला, आणि मला तिथे डोळे नाहीत. तीन ठिपके होते. म्हटलं चला, निवांत.

एक तास बावन्न मिनिटं झाली होती, घड्याळ चालू होतं म्हणून नक्की सांगू शकते. मुळं आणि सुटे दगड असलेला उतार, पाय हवेत, आणि दिवा गेला. मिणमिणला नाही, लुकलुकला नाही, मंद झाला नाही. टप्. घरात कुणीतरी बटण दाबावं तसा. पुढचा दगड शेवटच्या क्षणी दिसला होता तेवढ्या आठवणीवर पाय टाकला आणि आठवण वीतभर चुकली. दोन्ही तळहात सोलले, गुडघा खडीवर. बटण दाबलं, काही नाही. दाबून धरलं, एकदा लुकलुकला आणि गेला.

उठायची हिंमत नव्हती म्हणून तिथेच बसून राहिले. दोन तास पांढऱ्या उजेडात बघितल्यावर डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, दहाएक मिनिटांनी झाडांची कड आणि आकाश वेगळं दिसायला लागलं पण पायाखालचं शून्य. मग फोनचा टॉर्च. फोन १८ टक्के. एका हातात फोन, दुसरा हात जमिनीला, बसत सरकत खाली आले. दुसरा दिवा नेला नव्हता ही माझी चूक, कबूल. लांब पल्ल्याच्या डोंगरातल्या रेसमध्ये सुटा दिवा किंवा सुटी बॅटरी सक्तीची करतात ती काय उगीच नाही. पण अडीच तासांच्या पळण्याला सहा तासांचा दिवा नेऊन वर स्पेअर न्यायचा असेल तर तसं खोक्यावर छापा, मी दोन घेते.

आता तिसरा फोन. पहिल्या दोन फोनबद्दल काही म्हणणं नाही, "रिसेट करून बघा", "दुसऱ्या चार्जरने बघा", "सिनियर कॉल करतील", हे सगळीकडे असतं. पण तिसऱ्या आठवड्यात ज्या सिनियरांचा एकदाचा फोन आला त्यांच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहून देते, कारण तुमचे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीला ती बाई सांगते, काढून ऐकाच.

त्यांनी विचारलं, "मॅडम, दिवा नेमका कशासाठी वापरत होतात?"

मी म्हटलं, पळायला.

"पळायला म्हणजे चालायला?"

पळायला म्हणजे पळायला.

"ओके. मॅडम, पळताना हादरे बसतात. हादऱ्याने आतलं कनेक्शन लूज होऊ शकतं. ते नॉर्मल वापरात येत नाही."

मी म्हटलं, अहो, तुमच्या खोक्यावर पळणाऱ्या माणसाचा फोटो आहे. डोक्याला हाच दिवा आहे. आणि मॉडेलच्या नावातच रनर शब्द आहे.

थोडा वेळ शांतता. मला वाटलं खोकं बघतायत. मग म्हणाले, "मॅडम, तो फोटो फक्त सादरीकरणासाठी आहे."

मला पहिल्यांदा ऐकू आलं नाही असंच वाटलं, म्हणून परत विचारलं. परत तेच, शांतपणे, समजावणीच्या सुरात, लहान मुलाला सांगतात ना तसं. "फोटो फक्त सादरीकरणासाठी आहे." म्हणजे पळण्यासाठीचा दिवा विकत घेऊन तो लावून पळायचं नाही. लावून उभं राहायचं. मी विचारलं, मग नावात रनर कशाला? तर म्हणाले, "ते मॉडेलचं नाव आहे मॅडम." हो, ते कळलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आणि फोन ठेवता ठेवता, अगदी आपुलकीने, "मॅडम, एक विचारू? रात्री एकट्या कशाला पळता? सकाळी पळा ना." हेडलॅम्प बनवणाऱ्या कंपनीचा माणूस मला सकाळी पळायला सांगतोय. तुमच्या सेल्सवाल्यांना ही आयडिया कळवली का? सगळ्यांनीच ऐकलं तर दुकान बंद करावं लागेल तुम्हाला. मी दिवसभर काम करते, रात्री पळते, का पळते ते सांगायला मी तुम्हाला बांधील नाही, वॉरंटी कार्डावर तसा रकाना नाहीये.

असो. संयमाने लिहायचं ठरवलं होतं.

हादऱ्याचा मुद्दा निकालात काढावा म्हणून मी घरी टेस्ट केली, कारण तुम्ही करणार नाही हे एव्हाना कळलं होतं. अंधारी खोली, टेबलावर दिवा घट्ट बांधलेला, शून्य हादरे, बरोबर एक मीटरवर फोन आणि त्यात लक्स, म्हणजे समोर किती उजेड पडतो ते, मोजायचं ॲप. फोनचं ॲप अचूक नसतं, मान्य, पण आधीच्या मानाने आता किती हे कळायला पुरतं. समोर पंखा लावला, म्हणजे पळताना वारा लागून दिवा थंड राहतो तसा राहावा, नंतर "मॅडम गरम झाला असेल" नको. मिडियम मोड. सुरुवातीला जे रीडिंग आलं ते १०० धरा. अर्ध्या तासाने ९७, दीड तासाने ९५, आणि १ तास ४९ मिनिटांनी शून्य. तीन दिवसांनी परत केली, १ तास ५१ मिनिटं. दोन्ही वेळा जाण्याआधी तीन ठिपके. माझ्या दिव्यात कनेक्शन लूज नाहीये हो, तो अगदी वक्तशीर आहे.

यातून तुमच्या इंजिनिअरना काय ते कळलंच असेल पण त्यांच्यापर्यंत हे पोचत नाही म्हणून लिहिते. दिव्याचं आउटपुट रेग्युलेटेड आहे, बॅटरी उतरत गेली तरी उजेड तेवढाच राहतो. चांगली गोष्ट आहे, त्यासाठीच घेतला. पण अशा दिव्यात उजेड बघून बॅटरी किती उरली ते कधीच कळत नाही, म्हणून शेवटी सूचना देणं हे दिव्याचंच काम. लिथियम सेलचं व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की संरक्षक सर्किट सेलचा पुरवठा तोडतं, सेल खराब होऊ नये म्हणून, ते पण बरोबर. पण त्याच्या आधी दोनदा लुकलुकून लो मोडवर यायचं असतं, पाच-दहा लुमेनवर का होईना, माणूस चालत खाली येतो. तुमच्या दिव्यात सेल वाचवायची सोय आहे, माणसाची नाही. आणि जो सेल सहा तास द्यायचा तो पावणेदोन तासांत संपतो, म्हणजे एक तर माझा सेल खराब आहे किंवा आकडा खोटा आहे. खराब असेल तर बदलून द्या, खोटा असेल तर खोकं बदला. तिसरं काही मला तरी सुचत नाही.

खोक्यावरून आठवलं. समोर मोठ्या अक्षरात ४०० लुमेन, आणि त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात ४० तास. दोन्ही शेजारी शेजारी, मध्ये रेघ पण नाही. बघणाऱ्याला वाटतं ४०० लुमेन ४० तास. प्रत्यक्षात ४० तास हे सगळ्यात लो मोडचे, ज्यात तंबूत मोजा शोधता येतो, आणि ४०० लुमेन चार मिनिटं, मग गरम होऊन निम्म्यावर. हे नियमात बसतं तेही मला माहीत आहे. टॉर्च-हेडलॅम्प मोजायचं जे एफएल १ स्टँडर्ड आहे त्यात लुमेन सुरुवातीच्या दोन मिनिटांतच मोजून होतात आणि रन टाइम धरतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ४०० चा दिवा ४१ वर मिणमिणत असला तरी कागदावर चालूच. तसंच खोक्यावरचं ते १२० मीटर. ज्या अंतरावर उजेड पाव लक्स उरतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, ते हे अंतर. मी १२० मीटरवर बघून पळत नाही, पुढचे पाच ते दहा मीटर बघते. मला हवा रुंद, सारखा पसरलेला झोत आणि तिसऱ्या तासाला किती उजेड उरतो तो आकडा. किती तासांनी किती उजेड त्याची एक साधी रेघ खोक्याच्या मागे छापता येते. जागा नाही म्हणू नका, फोटो काढून टाका, तो सादरीकरणासाठीच आहे.

बरं, मी काही सगळ्याचं खापर तुमच्यावर फोडत नाहीये. कपाळावरच्या दिव्यात दगडाची सावली दगडामागे लपते आणि खडबडीत वाट सपाट दिसते, धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते, हे कुठल्याही हेडलॅम्पला होतं, म्हणून काहीजण दिवा कमरेला लावतात. त्याची तक्रार नाही. पट्टा छान आहे, मागे बॅटरी असल्याने तोल बरा राहतो, डुगडुगत नाही. कुणीतरी मन लावून केलंय ते काम. म्हणून तर जास्त राग येतो.

आता आजचा फोन. आज कळवण्यात आलं की वॉरंटी क्लेम नामंजूर, कारण "ओलावा". दिवा तुमच्याकडे आलेलाच नाही, माझ्यासमोर टेबलावर आहे, मग ओलावा कुणी बघितला? तर म्हणे, "मॅडम तुम्ही पळता ना, घाम आत गेला असेल." आधी पळणं म्हणजे चालणं का ते विचारायचं, मग पळू नका म्हणायचं, आता पळता म्हणून घाम. अहो, दिवा कपाळाला बांधायचा असतो, कपाळाला घाम येतो. खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय आणि आत बारीक अक्षरात आयपीएक्स४. आयपीएक्स४ म्हणजे कुठल्याही बाजूने पाणी उडालं तरी चालतं. बुडवलेला चालत नाही, म्हणजे त्याला वॉटरप्रूफ म्हणणंच मुळात धाडसाचं आहे, पण घामाने जर तो मरत असेल तर हे ४ तरी कुठून आणलंत? हे मी विचारलं आणि फोन कट झाला.

जाता जाता, यूएसबी-सी पोर्ट दिलाय पण दोन्हीकडे सी असलेल्या केबलने हा चार्ज होत नाही, फक्त तुमच्या खोक्यातल्या ए-टू-सीनेच होतो. पोर्टच्या आत दोन फुटकळ रेझिस्टर लावायचे असतात ते वाचवलेत तुम्ही. एका फोनवर मला "ओरिजिनल केबल वापरा" म्हणून ऐकवलं, ओरिजिनलच वापरत होते, दुसरी चालतच नाही!

मला काय हवंय: पूर्ण पैसे परत. बदली दिवा नको, रिपेअर नको, पुढच्या खरेदीवर कूपन तर अजिबात नको. पंधरा दिवस वाट बघेन, मग ग्राहक आयोगात जाईन, आणि त्याआधी माझ्या दोन्ही टेस्टची रीडिंग्ज, खोक्याचा फोटो आणि "सादरीकरणासाठी" हे वाक्य मी ज्या रनिंग ग्रुपमध्ये आहे तिथे टाकेन. दर सीझनला तिथे दहाजण विचारतात कुठला हेडलॅम्प घेऊ. आत्तापर्यंत मी तुमचं नाव सांगायचे.

खरंच सांगायचे. तुमचाच जुना दिवा आहे माझ्याकडे, तीन ट्रिपल ए सेलवाला, काच ओरखडलेली, पट्ट्याचं इलॅस्टिक दोनदा बदललंय. त्याच्या खोक्यावर पळणारा माणूस नव्हता, नुसता दिवा होता. तो जाताना हळूहळू मंद होत जातो, चांगला अर्धा तास आधी सांगून जातो, सेल बदलायला वेळ देतो. सध्या मी तोच लावून पळतेय, आणि स्पेअर म्हणून एक दुसऱ्या कंपनीचा.

पिकअपसाठी पार्सल तयार आहे, नवा दिवा, खोकं, बिल, केबल सगळं आत. उत्तर ईमेलवर द्या. फोन करू नका.