दारात आलेल्या मुलीला काय सांगायचे

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे बोललीस त्याला मी तेव्हा नीट उत्तर दिले नाही, कारण बाबा शेजारीच बसले होते आणि बोलणे त्यांच्या साखरेवरून सुरू झाल्यामुळे सगळा विषय त्यांना आपल्यावरचा ठपका वाटू लागला होता. म्हणून हे पत्र लिहिते आहे. शेजारची धाकटी मुलगी यंदा पहिल्यांदाच गर्ल स्काउट या अमेरिकेतल्या मुलींच्या संस्थेच्या कुकीज विकते आहे आणि शनिवारी ती ऑर्डरचा कागद घेऊन आपल्याकडे येणार आहे. आपण तिच्याकडून काहीही घेऊ नये, असे तुझे म्हणणे. या कुकीज आरोग्याला वाईट, त्यांतल्या पाम तेलापायी जंगले जातात, आणि हे सारे ठाऊक असताना केवळ भिडेखातर बॉक्स विकत घेणे हा स्वतःशीच अप्रामाणिकपणा आहे, असे तू म्हणालीस. तुझी तळमळ मला कळते आणि तुझे बहुतेक मुद्देही मला मान्य आहेत. त्यांतून तू काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

आरोग्याचे आधी सांगते, कारण त्यात फारसा वाद नाही. यांतल्या थिन मिंट्स नावाच्या चार कुकीजमध्ये सुमारे १६० कॅलरी आणि नऊ-दहा ग्रॅम साखर असते. अमेरिकन हार्ट असोसिएशन स्त्रियांना वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा २५ ग्रॅम सांगते. म्हणजे चार कुकीजमध्येच त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा संपतो, आणि चारवर थांबणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत. हा पौष्टिक पदार्थ आहे असे मी कधी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. बाबांच्या बाबतीत तर प्रश्नच मिटतो. उघडा बॉक्स त्यांच्या हाताशी ठेवायचा नाही, एवढेच. पण वर्षातून एकदा, थंडीच्या शेवटी येणाऱ्या दोन बॉक्सनी कुणाची तब्येत बिघडत नाही. ती रोजच्या जेवणाने आणि रोजच्या बसून राहण्याने बिघडते, आणि त्याबद्दल तू बाबांना जे सांगतेस ते अवश्य सांगत राहा.

जड धातू आणि तणनाशकाच्या अंशांबद्दल तू म्हणालीस, तो अहवाल मीही वाचला. २०२४ च्या अखेरीस आलेल्या त्या अहवालात तीन राज्यांतून घेतलेल्या फक्त २५ कुकीज तपासलेल्या होत्या. तणनाशकाचे सर्वांत जास्त आढळलेले प्रमाण अब्जात शंभराच्या थोडे वर होते, तर गव्हासाठी इथल्या पर्यावरण संस्थेने घालून दिलेली मर्यादा दशलक्षात ३०, म्हणजे अब्जात ३०,००० आहे. मातीत उगवणाऱ्या बहुतेक धान्यांत आणि कोकोमध्ये धातूंचे काही अंश उतरतातच, आणि ते कमी व्हावेत असे मलाही वाटते. पण या भीतीवर निर्णय उभा करू नकोस. तुझा दुसरा मुद्दा तिच्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि ती त्याला जोडली की तोही लोकांना कच्चा वाटू लागतो.

तो दुसरा मुद्दा पाम तेलाचा. हे तेल या कुकीजमध्ये इतक्या प्रमाणात का आले, याचा तू विचार केला आहेस का? ते आरोग्याच्याच काळजीतून आले. पूर्वी इथल्या बेकऱ्या अर्धवट हायड्रोजनीकरण केलेले तेल वापरत; माझ्या आईच्या पिढीला ठाऊक असलेल्या वनस्पती तुपाचेच हे भावंड. त्याने कुकी खुसखुशीत होई, चॉकलेटचा थर बोटांना लागत नसे आणि माल महिनोन्महिने टिके. त्यातला ट्रान्स फॅट हृदयाला किती घातक आहे हे स्पष्ट झाल्यावर बेकऱ्या त्यापासून दूर गेल्या, आणि २०१५ मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या अन्न व औषध प्रशासनाने, हे तेल अन्नात सुरक्षित मानता येत नाही असा निर्णय दिला. पण नेहमीच्या तापमानाला घट्टसर राहणारा स्निग्ध पदार्थ तर हवाच होता. तो पाम तेलाने पुरवला. म्हणजे एका योग्य कारणासाठी आपण एक तेल काढले आणि त्याची किंमत बोर्निओ व सुमात्राच्या जंगलांनी भरली. बोर्निओचा ओरांगउटान २०१६ पासून अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. दलदलीची काळी माती सुकवून लागवड केली की तिच्यात हजारो वर्षे साठलेला कार्बन हवेत जातो, आणि ती पेटली तर आग आठवडेच्या आठवडे धुमसत राहते.

तेव्हा पाम तेल नको, दुसरे कुठलेही चालेल, असे म्हणून सुटका होत नाही. पाम तेल देणाऱ्या ताडाच्या जातीपासून एका हेक्टरमधून वर्षाला तीन टनांहून अधिक तेल निघते. सोयाबीनपासून जेमतेम अर्धा टन. तेवढेच तेल सोयाबीनचे घ्यायचे तर कितीतरी अधिक जमीन लागेल, आणि तीही कुठल्या तरी जंगलातूनच येण्याची भीती आहे. म्हणून मला वाटते, खरी मागणी अशी हवी की हे तेल कुठल्या मळ्यातून आले हे बेकरीने दाखवावे आणि तो मळा जंगल तोडून झालेला नसावा. आपल्या स्वयंपाकघरातल्या फरसाणाच्या पुड्यांवर पामोलिन, म्हणजे पाम तेलाचाच पातळ भाग, हे नाव मी स्वतः वाचले आहे आणि भारत तर पाम तेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. त्या मुलीच्या बॉक्सपुरताच आपला विवेक जागा होत असेल तर तो मला पुरेसा वाटत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. या कुकीजमध्ये पाम तेल आहे हे जगाच्या लक्षात कुणी आणून दिले, ठाऊक आहे? २००७ मध्ये मिशिगनच्या ॲन आर्बरमधल्या, अकरा वर्षांच्या दोन गर्ल स्काउट मुलींनी. ब्राँझ अवॉर्ड या संस्थेच्याच पुरस्कारासाठी त्या ओरांगउटानवर प्रकल्प करत होत्या. अभ्यास करताना त्यांना कळले की जंगल तोडून लावले जाणारे हे तेल आपण स्वतः दारोदार विकतो त्या कुकीजमध्येही आहे. त्यांनी विकणे थांबवले, सह्या जमवल्या, संस्थेच्या मुख्यालयाशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला. सप्टेंबर २०११ मध्ये राष्ट्रीय संस्थेने प्रथमच पाम तेलाबद्दलचे धोरण जाहीर केले: २०१२-१३ च्या हंगामापासून शाश्वत उत्पादनाची प्रमाणपत्रे विकत घ्यायची आणि शक्य तिथे या तेलाचा वापर कमी करायचा. त्या प्रमाणपत्रांत मोठी पळवाट होती, हे तू सांगण्याआधीच कबूल करते. प्रमाणपत्राचे पैसे चांगल्या मळ्याला जात, पण कुकीमध्ये प्रत्यक्ष पडणारे तेल कुठलेही असू शके. तरीही त्या मुली नसत्या तर एवढेही झाले नसते.

पळवाट किती मोठी होती ते पुढे दिसले. डिसेंबर २०२० मध्ये असोसिएटेड प्रेसने इंडोनेशिया आणि मलेशियाच्या मळ्यांतल्या बालमजुरीचा शोध प्रसिद्ध केला. आईबापांना नेमून दिलेले काम पुरे व्हावे म्हणून मुले विनावेतन गळालेली फळे वेचत होती, आणि अशा श्रमातून निघालेले तेल ज्या पुरवठा साखळ्यांमध्ये मिसळत होते त्यांत या कुकीजचीही साखळी होती. त्याच वृत्तांतात टेनेसीतल्या एका गर्ल स्काउटबद्दल लिहिले होते. बॉक्सवर ‘मिश्र’ असा शब्द वाचून तिने त्याचा अर्थ शोधला, म्हणजे प्रमाणित तेल साध्या तेलात मिसळलेले, आणि विकायचे सोडून दिले. तिच्या निर्णयापुढे मला काहीच बोलता येत नाही. एका देशातल्या लहान मुली जे विकतात त्यासाठी दुसऱ्या देशातली लहान मुले राबतात, हे वाचून मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

पण बघ मुग्धा, या तिन्ही मुली आत होत्या. त्यांनी स्वतः विकले होते, बॉक्सवरचे बारीक अक्षर स्वतः वाचले होते, आणि म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला संस्थेला उत्तर द्यावे लागले. संस्था या विक्रीतून मुलींना ज्या पाच गोष्टी शिकवू पाहते, त्यांत ध्येय ठरवणे, निर्णय घेणे, पैशांचा हिशेब आणि लोकांशी वागणे यांच्या जोडीला व्यवसायातली नीतिमत्ताही आहे. ती शिकायची तर विकणाऱ्या मुलीला कुणीतरी आदराने प्रश्न विचारायला हवा. शनिवारी आपण दाराआडून ‘नको’ म्हटले तर बेकरीला काहीही कळणार नाही. आठ वर्षांच्या मुलीला मात्र एवढेच कळेल की शेजारच्या काकूंना ती आवडत नाही.

तुझ्या वेळी मी जे केले ते आता सांगायलाच हवे. तू दहा वर्षांची असताना तुझा ऑर्डरचा कागद मी ऑफिसात घेऊन गेले होते. आठवड्यात १४० बॉक्स झाले, ट्रूपमध्ये, म्हणजे तुमच्या गटात, तुझे नाव सर्वांत वर लागले आणि तुला बक्षीस मिळाले. त्यातले तू किती विकलेस? जेमतेम वीस. उरलेले मी विकले. माझ्या हाताखालची माणसे ‘नाही’ म्हणू शकत नव्हती म्हणून त्यांनी ते घेतले. त्यांत एक गृहस्थ मधुमेही होते आणि त्यांच्या घरी खाणारे दुसरे कुणी नव्हते, हे मला नंतर समजले. या विक्रीतले आरोग्याचे खरे नुकसान मला तिथे दिसते, कारण नको असलेले खाणे भिडेने घरात शिरते. आणि तुझे जे शिकायचे राहिले तेही माझ्यामुळेच राहिले. १९१७ मध्ये ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या मुलींनी घरच्या ओव्हनमध्ये कुकीज भाजून शाळेच्या उपाहारगृहात विकल्या, तिथून ही प्रथा सुरू झाली असे मानतात. त्या मुलींना आपल्या कुकीमध्ये काय पडले आहे ते नक्की ठाऊक होते. तुला ठाऊक नव्हते, मला नव्हते, आणि आपण दोघींनीही विचारले नाही.

पैशाचेही थोडे लिहिते. आपल्याकडे आता एका बॉक्सला सहा डॉलर पडतात. बेकरीचा खर्च वजा जाता उरलेल्याचा मोठा भाग कौन्सिलकडे, म्हणजे संस्थेच्या आपल्या भागातल्या शाखेकडे, राहतो, तिथून शिबिरे आणि प्रशिक्षण चालते. ट्रूपच्या हातात साधारण एका डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येते. केवळ मदत करायची असेल तर तेवढीच रक्कम कौन्सिलला देणगी म्हणून दिलेली अधिक उपयोगी पडते, आणि त्यात तेलही नाही, साखरही नाही, प्लास्टिकची वेष्टनेही नाहीत. हा तुझ्या बाजूचा सर्वांत चांगला युक्तिवाद आहे आणि तू तो केलाच नाहीस. मी तो अर्धा स्वीकारला आहे.

तर माझे ठरले आहे ते असे. शनिवारी मी दोन बॉक्स घेईन. एक आमच्यासाठी, तो मी वरच्या फडताळात ठेवीन, आणि एक तू मार्चमध्ये आलीस की तुझ्यासाठी, नको असेल तर तुझ्या मैत्रिणींसाठी. एरवी घेतले असते त्या आणखी चार बॉक्सचे २४ डॉलर कौन्सिलला देणगी म्हणून पाठवीन. आणि त्या मुलीला विचारीन की यांतली कुठली कुकी तुला सर्वांत आवडते, आणि ती कशाची बनते हे तू वाचले आहेस का. तिने वाचले नसेल तर तिच्या आईसमोर, दोघींना घेऊन, आम्ही बॉक्सची कड वाचू. मळ्यातल्या मुलांबद्दल मी तिला आत्ताच सांगणार नाही. आठव्या वर्षी ते ओझे होईल. ते तिच्या आईला वेगळे सांगीन.

पत्र मात्र मोठ्यांनी मोठ्यांना लिहायचे आहे, आणि त्यात मला तुझी मदत हवी. देशात या कुकीज दोनच बेकऱ्या बनवतात आणि कुठल्या बेकरीचा माल घ्यायचा ते प्रत्येक कौन्सिल ठरवते. म्हणूनच तर एकाच कुकीला एकीकडे समोआ म्हणतात आणि दुसरीकडे कॅरमेल डीलाइट. म्हणजे आपल्या कौन्सिलला विचारण्यात अर्थ आहे. आपल्या बेकरीचे तेल प्रमाणित मळ्यांतून वेगळे ठेवून आणलेले आहे की बाकीच्या तेलात मिसळलेले, मळ्यांची यादी प्रसिद्ध होते का, बालमजुरीची तपासणी कोण करतो, आणि करार नव्याने करताना या गोष्टींना किती वजन दिले जाते, हे चारच प्रश्न विचारू. त्यांत रागाचा शब्द नको आणि त्या २५ कुकीजचा उल्लेखही नको. तिथे तुझे ट्रूपमधले जुने वर्ष लिही, म्हणजे पत्र आतल्या माणसाचे आहे हे त्यांना कळेल.

मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव. सही आम्ही दोघेही करू. बाबांना मी काल विचारले, ते तयार आहेत.

तुझी,
आई